सासऱ्यांच्या नावाचा रकाना

गिरिजाबाईंचं इंग्रजी व्याकरण चुलीपुढं झालं. बाळीवेशीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, चुलीच्या उजव्या हाताला, भिंतीवर खळीनं चिकटवलेला एक कागद असे. त्यावर आठ-दहा इंग्रजी वाक्यं. भाकरी थापताना गिरिजाबाई वाक्याचा कर्ता शोधायच्या, ती तव्यावर टाकताना क्रियापद, आणि भाकरी फुगेपर्यंत उरलेल्या शब्दांची व्यवस्था लागलेली असायची. कागद धुरानं काळा पडला की धडा संपला असं समजायचं आणि नवा कागद लावायचा. चार वर्षांत असे एकोणीस कागद लागले.

घरातली भाषा कानडी. गिरिजाबाई मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत, ते मराठीतून. इंग्रजी कुणाशी बोलायची सोय नव्हती. सोलापुरात त्या वेळी कॉलेज नव्हतं. पण बायकांना घरी अभ्यास करून पदवीला बसू देणारं विद्यापीठ निघालं होतं, आणि गिरिजाबाईंनी चोविसाव्या वर्षी तिथं नाव घातलं. त्यांचे यजमान चन्नवीर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. संध्याकाळी घरी आले की आधी भिंतीकडे बघत आणि विचारत, "आय्ता?" म्हणजे, झालं का? स्वयंपाकाबद्दल विचारताहेत की कागदाबद्दल, हे गिरिजाबाई कधी स्पष्ट करून घेत नसत.

शिकवायला होते गोपाळ मास्तर. हायस्कुलातून निवृत्त झालेले, साखर पेठेत राहायचे. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर शिकवणी चाले. मास्तर खुर्चीवर, गिरिजाबाई पाटावर, आणि उंबऱ्याशी मास्तरांच्या पत्नी रुक्मिणीबाई सूप घेऊन काहीतरी निवडत बसलेल्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ओसरीवर परकी बाई असताना घरातलं कुणीतरी तिथं असावं, एवढ्यासाठी त्या बसत.

भाषांतराची मास्तरांची एक रीत होती. इंग्रजी उतारा द्यायचे, त्याचं मराठी करून घ्यायचे आणि पुस्तक काढून घ्यायचे. आठवड्यानंतर तेच मराठी गिरिजाबाईंच्या हाती देऊन सांगायचे, "आता परत इंग्रजी करा." मुळाशी ताडून पाहिलं की जे जास्तीचं निघे, त्याच्याखाली लाल पेन्सिलीची रेघ.

"हे काय?"

"जरा शोभेसाठी, मास्तर."

"पदरचं घालायचं नाही. दुसऱ्याचं पोर अंगाखांद्यावर घेतलंय तुम्ही. तीट लावायला त्याची आई आहे."

शेवटच्या वर्षी नाटक आलं. नेमलेल्या पुस्तकात एक छोटं प्रहसन होतं. एका खेड्यातला घड्याळं दुरुस्त करणारा माणूस बाजारातून उशिरा घरी येतो. बायको जेवण गार झालं म्हणून धुमसत बसलेली. इतक्यात शिपाई येतो. पळून आलेला चोर हाच, अशी त्याची खात्री. माणूस परोपरीनं सांगतो, मी चोर नाही, हे माझंच घर आहे. शिपाई बायकोला विचारतो, हा कोण? ती क्षणभर त्याला घाम फुटू देते आणि मग सांगते, हा माझा नवरा, आणि त्याचं नाव घेते. खेळ संपतो.

परीक्षेच्या अर्जावर शिक्षकाची सही लागे, की उमेदवाराची तयारी पुरी झाली आहे. मास्तरांनी सहीला अट घातली.

"भाषांतर मी तपासणार नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा बायकांपुढं हे करून दाखवा. शेवटच्या ओळीला तिकडचे लोक हसतात. आपल्याकडच्या हसल्या, तर सही."

"आणि नाही हसल्या तर?"

"तर पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष नव्हतं. चन्नवीरांची बदली वाडी जंक्शनला झाल्यात जमा होती. तिथं ना मास्तर, ना शाळेची नोकरी. अर्ज जानेवारीअखेर जायला हवा होता. साल १९३३.

बायका होत्याच. गिरिजाबाई रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत गिरणीकामगारांच्या घरच्या बायकांना अक्षरओळख शिकवत. तेलुगू बोलणाऱ्या, कानडी बोलणाऱ्या, तालुक्याच्या गावांतून आलेल्या, अशा बत्तीस जणी. वर्गाचं रजिस्टर होतं: नाव, वय, नवऱ्याचं नाव, राहण्याची जागा. पहिल्या दिवशी तिसऱ्या रकान्याशी गाडी अडली. कुणीच नवऱ्याचं नाव घेईना. एक म्हातारी म्हणाली, "शेजारनीला इचारा की बाई. तिची मी सांगते, माजी ती सांगंल." मग प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव तिच्या शेजारणीनं सांगितलं आणि रकाना भरला.

म्हणून नाटकातली नावं मराठी करताना गिरिजाबाईंनी आधी ते रजिस्टर उघडलं. घड्याळजीला असं नाव द्यायचं, जे कुणाच्याच नवऱ्याचं नसेल. बत्तीस नावं तपासून त्यांनी ठरवलं: कोंडीबा.

"हा माझा नवरा. कोंडीबा." शेवटची ओळ अशी झाली. मुळात जेवढी तेवढीच. पदरचं काही नाही.

चन्नवीरांनी वही वाचली आणि म्हणाले, "तुझ्या नाटकातली बाई बरी. नवऱ्याला चारचौघांत नावानं ओळखते. तू चार वर्षं इंग्रजी शिकलीस, अजून मला 'ऐकलं का' म्हणतेस."

"ती विलायतेची आहे."

"कोंडीबाची बायको विलायतेची?"

गिरिजाबाईंनी वही मिटली.

तालमी नीट चालल्या होत्या. शिपाई झाली होती बसव्वा. तिनं भावाचा खाकी कोट आणला होता आणि तालमीबाहेरही ती तो उतरवत नसे. घड्याळजी एक उंच तेलुगू मुलगी. बायकोचं काम वच्छलाकडं. पण खेळाला चार दिवस राहिले असताना वच्छलाची आई आजारी पडल्याचा निरोप आला आणि ती सांगोल्याला गेली. तिची वाक्यं पाठ असलेली एकच जण होती. रंभाबाई, वीस-एकवीस वर्षांची, कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकणारी. नवऱ्याचं नाव भीमा. सासरा गिरणीत जाबर, म्हणजे साच्यांवरच्या माणसांचा मुकादम. अख्खी चाळ त्याला 'जाबर' म्हणे, रंभाबाई 'मामंजी'.

तिला काम दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची सासू बजाबाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"बाई, अक्षरं शिकवा म्हनून धाडली हुती सून. तमाशात घालायला न्हाय."

"तमाशा नाही, बजाबाई. फक्त बायकांपुढं, हळदीकुंकवाला आहे. तुम्ही स्वतः येऊन बघा."

"येनारच हाय. फुडंच बसनार हाय."

तालमीत रंभाबाई सगळं चोख म्हणे. शेवटच्या ओळीशी आली की "हा माजा नवरा" म्हणून थांबे.

"पुढं?"

"त्या दिशी म्हनते की."

तिसऱ्या तालमीनंतर ती गिरिजाबाईंच्या मागं मागं विहिरीपर्यंत आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, ते नाव बदला की."

"का?"

रंभाबाई खाली बघत राहिली. "बरं न्हाय वाटत."

"भीमा नाही ना ते? मी मुद्दाम बघून ठेवलंय."

"न्हाय. ते न्हाय."

"मग? सगळ्यांचं पाठ झालंय, रंभाबाई. आता बदललं तर बसव्वा घोटाळा करेल."

त्या वर्षीच्या गद्याच्या पुस्तकात माणसांचं पुढारपण कसं करावं यावर एक निबंध होता. पुढं चालणाऱ्यानं ठरलेल्या गोष्टीत ऐन वेळी बदल करू नये, मागचे लोक गोंधळतात, असा त्यातला एक परिच्छेद गिरिजाबाईंनी उतरवून ठेवला होता. तो त्यांनी मराठी करून रंभाबाईला सांगितला. रंभाबाईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "व्हय बाई," आणि बादली उचलून गेली.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावरच्या रविवारी खेळ झाला. शाळेच्या चौकात सतरंज्या पसरल्या होत्या. दाराशी हळदीकुंकू आणि तिळगूळ. आत येणाऱ्या तरुण सुनांना उखाण्यात नाव घ्यायचा आग्रह, त्यामुळे खेळ सुरू व्हायला वेळ लागला. साठ-पासष्ट बायका जमल्या. पुरुषांना मज्जाव असल्यानं गोपाळ मास्तर शेजारच्या वर्गात दार किलकिलं ठेवून बसले होते. मांडीवर मूळ इंग्रजी पुस्तक उघडलेलं आणि ओळीवर बोट. अर्ज गिरिजाबाईंनी घडी करून स्वतःच्या वहीत ठेवला होता. बजाबाई सांगितल्याप्रमाणे पहिल्या रांगेत, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

बसव्वाचा कोट बघूनच बायका खुश झाल्या. घड्याळजी उशिरा आला तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, "हानला पायजे मेल्याला!" रंभाबाई झाकलेल्या ताटाशी बसून अशी धुमसत होती की पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी तिच्या वतीनं मान हलवू लागल्या. शिपायानं दार अडवलं. घड्याळजीनं हात जोडले. बसव्वानं विचारलं, "बाई, खरं सांगा. ह्यो कोन?"

"हा माजा नवरा," रंभाबाई म्हणाली.

आणि थांबली.

बसव्वाला नाव ऐकल्याशिवाय दार सोडायचं नव्हतं. ती उभी राहिली. घड्याळजी उभा राहिला. पडद्याआडून गिरिजाबाईंनी हळू आवाजात नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. रंभाबाईनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा पहिल्या रांगेत सासूकडं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चौकात कुजबुज सुरू झाली. "घे की नाव!" "लाजती का गं?" "नाव घे, नाव घे!"

दाराआड मास्तरांचं बोट शेवटच्या ओळीवर टेकलेलं होतं.

पडद्याआडून तिसऱ्यांदा नाव आलं, जरा मोठ्यानं. ते पहिल्या रांगेपर्यंत पोचलं. बजाबाईनं कान टवकारले, सुनेकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि गुडघ्यावर हात रेटून उठली.

"अवं बाई, ती कशी घ्येईल?" ती पडद्याकडं तोंड करून म्हणाली. "सासरा हाय तिचा त्यो!"

बजाबाई तशीच चार पावलं पुढं गेली, सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि शिपायाकडं बोट करून मोकळ्या आवाजात म्हणाली:

"गिरणीचा भोंगा झाला, भाकरी थापल्या चार,
कोंडीबाचं नाव घेते, हवालदारा, सोड दार!"

बसव्वा खरोखरच दारातून बाजूला झाली. मग जे हसू उठलं ते आवरेना. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. रंभाबाई डोळे पुसत हसत होती. बजाबाई मात्र गंभीर चेहऱ्यानं जाग्यावर येऊन बसली आणि शेजारणीला म्हणाली, "चाळीस वर्सांनी घेतलं."

तिळगूळ वाटून बायका गेल्यावर मास्तर बाहेर आले. हातात टाक होता.

"त्याच ओळीला हसल्या," ते म्हणाले. "पुस्तकात आहे तिथंच. आणा अर्ज."

गिरिजाबाईंनी वहीतून अर्ज काढला. सतरंजीवर ठेवला. मास्तर वाकले, तेव्हा गिरिजाबाईंनी त्यावर हात ठेवला.

"मास्तर, हे हसू माझ्या भाषांतराचं नाही."

"म्हणजे?"

"बजाबाईंचं आहे. माझी ओळ रंभाबाईला म्हणताच आली नाही."

मास्तरांनी टाक सरळ धरला. "सही हवी आहे ना?"

"हवी आहे."

"अर्ज जायला आठ दिवस आहेत. तुमच्या यजमानांची बदली होते आहे."

"हो."

मास्तरांनी टाक पुसून खिशात ठेवला. "मग पुढच्या रविवारी तुमचं आणा," ते म्हणाले.

त्या रात्री चन्नवीरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "रजिस्टर बघितलं होतंस ना?"

"त्यात सासऱ्यांचा रकाना नव्हता."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गिरिजाबाई गिरणीच्या चाळीत गेल्या. रंभाबाई दारात ज्वारी पाखडत होती. बजाबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली. जाबर कामावर होता.

"मी सांगितलं हुतं की, बाई," रंभाबाई म्हणाली. रागानं नाही, नुसतंच.

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. निबंध ऐकवला."

"लई चांगला हुता निबंध," बजाबाई म्हणाली. "ही घरी येऊन सांगत हुती. पन त्यात इचारायचं कुटं हाय?"

गिरिजाबाईंनी वही उघडली. त्यांनी रात्री दुसरी नावं लिहून पाहिली होती. गंगाधर, कुंडलिक. कुठलंही घातलं तरी कुणाचा तरी दीर निघेल, कुणाचा मामेसासरा. आणि निघाला नाही, तरी बायको चारचौघांत शिपायापुढं नवऱ्याचं नाव घेणार नाही, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. ते चार वर्षं त्यांच्या पुस्तकात नव्हतं, म्हणून वहीत आलं नव्हतं.

"रंभाबाई, खेळ सोडून दे," त्या म्हणाल्या. "खरंच असं झालं. शिपायानं भीमाला धरलंय, आणि तुला विचारतोय, हा कोण. तू काय करशील?"

रंभाबाईनं सूप खाली ठेवलं. "नाव न्हाय घ्येनार."

"नाही. मग?"

"त्यो भुकेला असंल ना?"

"उशिरा आलाय. तू वाट बघून चिडलीयस. जेवण गार झालंय."

"मग ताट उघडीन. त्येच्याफुडं सरकवीन. आन म्हनीन, गिळा."

बजाबाई फिस्सकन हसली. "बरुबर! परक्या पुरुषाला कोन म्हनंल गिळा?"

"शिपायाला पटेल?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"त्येची बी बायकू आसंल की घरात," रंभाबाई म्हणाली आणि सूप पुन्हा उचललं.

रविवारी सकाळी साखर पेठेतल्या ओसरीवर सगळं नेहमीसारखं होतं. मास्तर खुर्चीवर, रुक्मिणीबाई उंबऱ्याशी तूरडाळ निवडत. गिरिजाबाईंनी शेवटचं पान वाचलं. शिपाई विचारतो, बाई, खरं सांगा, हा कोण? ती उत्तर देत नाही. घड्याळजी तिच्याकडं बघतो. तिला कळतं की याला घाम फुटलाय, आणि ती तो फुटू देते. मग ताटावरचं झाकण काढते, ताट त्याच्यापुढं सरकवते.

"गिळा."

उंबऱ्याशी डाळ सांडली. रुक्मिणीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू दाबायला गेल्या तसं ते जास्तच आलं. चार वर्षांत त्या ओसरीवर त्यांचा आवाज गिरिजाबाईंनी पहिल्यांदा ऐकला.

मास्तरांनी वळून पत्नीकडं पाहिलं. मग पुस्तकात पाहिलं. मूळ ओळीत नाव होतं, ताट नव्हतं. त्यांनी लाल पेन्सिल उचलली. 'गिळा'च्या खाली नेली.

"पदरचं आहे हे."

"माझ्या नाही, मास्तर. रंभाबाईंच्या."

पेन्सिल तशीच राहिली. "परत इंग्रजी केलं तर काय होईल याचं?"

"मला वाटतं, नाव होईल."

मास्तरांनी पेन्सिल कानामागं ठेवली, टाक काढला, अर्ज मागितला. सही करून शाई वाळेपर्यंत तो हातात धरून बसले. उंबऱ्याशी सांडलेली डाळ गोळा करताना रुक्मिणीबाई अजून मधेच हसत होत्या.

एप्रिलात गिरिजाबाई पुण्याला जाऊन परीक्षेला बसल्या. दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. व्याकरणात गुण चांगले होते, बाकीचे बरे. निकाल लागला तेव्हा घरातलं सामान बांधून झालं होतं. भिंतीवरचा एकोणिसावा कागद निघेना, म्हणून तसाच राहू दिला.

पण त्याआधी, अर्ज टपालात पडला त्याच दुपारी, वर्ग होता. गिरिजाबाईंनी रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवली आणि 'नवऱ्याचं नाव' आणि 'राहण्याची जागा' यांच्यामधल्या अरुंद जागेत एक रेघ ओढली. वर लिहिलं: सासऱ्यांचं नाव. जागा कमी होती, म्हणून अक्षर बारीक आलं.

"आता हे कोन सांगनार, बाई?" बसव्वानं विचारलं. कोट तिच्या अंगावर होताच.

"शेजारीण."

त्या दिवशी पडवीत तेहतिसावी बाई येऊन बसली होती. रंभाबाईच्या शेजारी, पाटी मांडीवर घेऊन, पाय पसरून. गिरिजाबाई तिच्यापर्यंत आल्या.

"नाव?"

"बजाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

पलीकडची बाई सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बजाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. बाईंना ठावं हाय."

गिरिजाबाईंनी ते लिहिलं.